बारकीची यादी

४ डिसेंबर

बाबू,

पाकीट बघून दचकला असशील. आजकाल पत्रं कोण लिहितं? पण आमची एक खोली, त्यात मी फोनवर बोलले की बारकीला सगळं ऐकू जातं. दुकानातून बोलावं तर शेजारच्या मशीनवरची बाई कान टवकारून बसलेली असते. म्हणून दुपारच्या सुट्टीत, अल्टरला आलेल्या पँटींच्या ढिगावर कागद ठेवून लिहितेय. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर पाठव, घरी नको.

बारकीला चोरी करताना धरलं. लिहून टाकलं एकदाचं. गेल्या शनिवारी, बसथांब्याजवळच्या त्या तीन मजली दुकानात. शाळेच्या गणवेशात होती, पाठीवर दप्तर आणि बाहीत एक लिपस्टिक. मला फोन आला तेव्हा मी एका कोटाची बाही उसवत होते. तशीच निघाले, गळ्यात मोजायची टेप लोंबतेय हे तिथे पोचल्यावर कळलं. मॅनेजरच्या खोलीत ती दोन तास बसून होती. एक पोलीस शिपाईबाई आल्या, त्यांनी वहीत नाव-पत्ता लिहून घेतला आणि पुन्हा बोलावलं की या म्हणाल्या. गणवेशावरचा बिल्ला पाहून मॅनेजरनं शाळेलाही कळवलं होतं, माझ्या आधी.

सोमवारी शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावलं. त्या ओरडल्या वगैरे नाहीत. दहावीचं वर्ष आहे म्हणून आम्ही घाई करत नाही, म्हणाल्या, पण पोलिसांकडे काय होतं ते बघून शाळा ठरवेल. बाबू, मार्चमध्ये परीक्षा आहे. तिला बसू दिलं नाही तर वर्ष जाईल, आणि वर्ष गेलं की ही पोरगी परत पुस्तकाला हात लावणार नाही, मी तिला ओळखते. माझ्या शेजारच्या मशीनवर येऊन बसेल आणि पन्नाशीपर्यंत पँटींच्या पट्ट्या घालत राहील. एवढं एक होऊ नये, बाकी काय व्हायचं ते होवो.

का घेतलीस विचारलं तर म्हणाली, "हवी होती." बस. तिचे बाबा गेल्यापासून एकटीनं वाढवली, तर निदान एखादं कारण तरी द्यावं की नाही आईला?

तू अठरा वर्षं दुकानात चोर पकडतोयस. आता काय करू ते सांग.

ताई


९ डिसेंबर

ताई,

आधी ती टेप गळ्यातून काढ आणि पाणी पी. साखरेच्या डब्यात माझा हात सापडला होता तेव्हाही तू असाच वाडाभर गोंधळ घातला होतास. त्यातून मी काही दरोडेखोर झालो नाही, उलट चोर पकडायच्या नोकरीला लागलो.

एक लिपस्टिक ही आमच्या हिशेबी काहीच नव्हे. आमचं दुकान पाच मजल्यांचं. लिफ्टच्या मागे एक बिनखिडकीची खोली आहे, टेबल आणि दोन खुर्च्या. धरलेल्या माणसाला तिथे आणून माझ्यासमोर बसवतात. मी कधी आवाज चढवत नाही. कागद आणि पेन पुढे सरकवतो आणि म्हणतो, लिहून टाका, हलकं वाटेल. पहिल्यांदा सगळे एकच वस्तू लिहितात, हातात सापडलेली. मी वाचतो, कागद परत सरकवतो आणि "अजून?" एवढंच विचारतो. मग गप्प बसतो. त्या गप्प बसण्यात खरी कला आहे, ती शिकायला मला चार वर्षं लागली. हळूहळू सगळं बाहेर येतं. मग सही घ्यायची आणि माणूस मागच्या दारानं घरी. अठरा वर्षांत माझ्या खोलीतून कुणाला पोलिसांनी नेलेलं मी पाहिलेलं नाही.

मॅनेजर लोकांना काय हवं असतं, तर पोरगं खरं बोलतंय याची खात्री. अर्धवट सांगितलं की त्यांना वाटतं आपल्याला मूर्ख बनवतायत, आणि मग ते हात धुवून मागे लागतात. तेव्हा तू असं कर. रविवारी निवांत बस. बारकीच्या पुढे कागद ठेव. जे काही असेल ते सगळं, तारखांसकट, तिच्या हातानं लिहून घे. एक सांगून थांबली तर "अजून?" विचार आणि गप्प बस. रागवायचं नाही. खाली माफी, खाली सही. एक प्रत मॅनेजरला नेऊन दे. तो खूश होईल आणि शिपाईबाईंना सांगेल की मिटलं. मिटलं म्हटल्यावर तुमच्या मोठ्या बाई काय करणार?

आणि बारकीला सांग, मामा रागावलेला नाही. फक्त त्या रंगाची लिपस्टिक तिला शोभली असती का, एवढं कळव.

तुझा बाबू


१७ डिसेंबर

बाबू,

तू सांगितलंस तसं केलं. रविवारी दुपारी आम्ही दोघी खाली बसलो, मध्ये पाट, पाटावर कागद. तिचं अक्षर तुला माहीत आहे, छापल्यासारखं. पहिल्यांदा तिनं एकच ओळ लिहिली. लिपस्टिक, तारीख, दुकान. मी वाचलं आणि "अजून?" म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. गप्प बसायची तुझी कला काही मला जमली नाही. माझे डोळे भरून आले.

मग तिनं दुसरी ओळ लिहिली, निळी छत्री. मग केस सरळ करायचं यंत्र. मग बऱ्याच वेळानं हेडफोन. एकूण चार झाल्या. खाली माफी आणि सही.

तुझ्यापासून लपवलं होतं ते आता सांगते. या तिन्ही वस्तू मी तीन महिन्यांपासून घरात बघत होते. एकदा विचारलं तर म्हणाली मैत्रिणीच्या आहेत. मला ते पटलं नव्हतं. पण आठ तास मशीनवर वाकून आल्यावर दुसऱ्यांदा विचारायचं बळ राहत नाही रे. विचारलं की भांडण, भांडण की ती जेवत नाही, ती जेवली नाही की मीही नाही. म्हणून डोळ्यांवर कातडं ओढून बसले. कागदावर एकेक वस्तू उतरली तेव्हा मला वाईट वाटलंच, पण आपला संशय खरा होता असंही वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

मॅनेजरनं कागद दोन्ही हातांनी घेतला. चहा मागवला माझ्यासाठी. तुझे उपकार कसे फेडू?

ताई


५ जानेवारी

बाबू,

मॅनेजरनं त्या कागदाच्या दोन प्रती काढल्या. एक पोलिसांना दिली, एक शाळेला.

शिपाईबाईंनी परवा बोलावलं. त्यांचा सूर बदललेला होता. एक वस्तू असती तर आम्ही समज देऊन सोडलं असतं, म्हणाल्या, पण इथे चार आहेत, चार वेगवेगळ्या तारखा आहेत, मुलीनं स्वतः लिहिलंय आणि आईनं स्वतः आणून दिलंय. आता ते अल्पवयीन मुलांच्या मंडळासमोर जाणार. तारीख एकोणतीस जानेवारी.

शाळेत मोठ्या बाईंच्या टेबलावर तोच कागद होता. "सवय" या शब्दाखाली त्यांनी लाल पेनानं रेघ मारली होती. म्हणजे तो शब्द बारकीनं लिहिलेला नव्हता, त्यांनी समासात लिहिला होता. म्हणाल्या, तुम्ही स्वतःहून दाखला काढून न्या, म्हणजे त्यावर आम्ही काही शेरा मारणार नाही. मंडळानं ठपका ठेवला तर आम्हाला काढून टाकावं लागेल, मग शेऱ्यासकट. दाखला काढून नेला तर परीक्षेचं काय, मी विचारलं. पुढच्या वर्षी बघा कुठेतरी, म्हणाल्या. महिनाअखेरपर्यंत सांगा.

तोपर्यंत तिनं वर्गात बसायचं नाही. ती रोज सकाळी गणवेश घालते आणि घरीच बसते. गणवेश काढ म्हटलं तर काढत नाही.

तुझ्यावर चिडायचं म्हणून पत्र लिहायला घेतलं होतं, पण तेवढा जोरच राहिला नाही. तू म्हणालास मिटेल. मी विश्वास ठेवला, कारण तुझा तो धंदा आहे. त्या कागदाची प्रत सोबत पाठवतेय. बघ तुझ्या कलेचं काय झालं ते.

ताई


१२ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचून मी पाचव्या मजल्यावर गेलो. तिथे आमच्या फाइली सांभाळणाऱ्या बाई बसतात. अठरा वर्षांत त्यांच्याशी बिघडलेला प्रिंटर आणि पगाराची तारीख सोडून मी काही बोललो नव्हतो. त्यांना विचारलं, माझ्या खोलीतल्या कागदांचं पुढे काय होतं? त्या हसल्या. तुम्हालाच माहीत नाही? असं म्हणून त्यांनी कपाट उघडलं.

एक वस्तू लिहिलेली असेल तर कागद तिथेच राहतो, धूळ खात. दोन किंवा जास्त असतील तर दर महिन्याला गठ्ठा पोलिसांकडे जातो. एकापेक्षा जास्त म्हणजे सवय, आणि सवय असली की दुकानाची बाजू भक्कम होते. मी "अजून?" विचारत होतो, त्याचं हे कारण होतं, आणि ते मला सोडून सगळ्या मजल्यांना ठाऊक होतं. माझ्या खोलीतून माणूस मागच्या दारानं जाताना मी बघत होतो, एवढंच. दाराच्या पलीकडे बघायचं मला कधी सुचलंच नाही. न बघण्यात सोय होती असंही म्हण. म्हणालीस तरी मी वाद घालणार नाही.

मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही. पण दुसरी एक गोष्ट आहे, म्हणून घाईनं लिहितोय.

बारकीची यादी मी चार वेळा वाचली. चार नंबरला तिनं हेडफोन लिहिलेत, कुठले तेही लिहिलंय. ताई, तसले महागाचे हेडफोन कुठल्याही दुकानात उघड्यावर नसतात. काचेच्या कपाटात, कुलपात असतात. विक्रेता किल्ली घेऊन येतो आणि डबा स्वतः पैसे भरायच्या खिडकीपर्यंत नेऊन ठेवतो. शाळेच्या पोरीनं ते बाहीत घालून नेणं शक्य नाही. मी नेऊ शकलो नसतो आणि मला सगळ्या युक्त्या पाठ आहेत. आमच्या खोलीत लिहिलेली यादी कधी कुणी मालाशी ताडून बघितली नाही. सही झाली की संपलं. ही पहिली यादी मी वाचली, कारण ती आपल्या पोरीची होती.

तिला विचार. पण मी शिकवलं तसं विचारू नकोस. समोर कागद नको. "अजून" म्हणू नकोस.

बाबू


१८ जानेवारी

बाबू,

परवा दुपारच्या सुट्टीत आधी त्या दुकानात जाऊन आले. तुझं म्हणणं खरं आहे. काच, कुलूप, आणि शेजारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभी असलेली मुलगी. मॅनेजरनं मला लांबून पाहिलं. या वेळी चहा नाही.

संध्याकाळी घरी एक परकर उसवायला घेतला. तिच्याकडे न बघता म्हटलं, मामा म्हणतो हेडफोन कुलपात असतात. ती येऊन शेजारी बसली. मग बोलायला लागली ते परकर उसवून परत शिवून होईपर्यंत बोलत होती.

तिनं लिपस्टिक सोडून काहीही चोरलेलं नाही. वर्गातल्या सहा जणींच्या विज्ञानाच्या वह्यांतल्या आकृत्या ती काढून देते. हृदय, फुलाचा उभा छेद, असलं सगळं. हात चांगला आहे तिचा. त्या बदल्यात एकीनं दोनातली एक छत्री दिली, एकीनं यंत्र, एकीला नवे हेडफोन मिळाले तर जुने हिला. हे शाळेत कळलं तर सहाही जणींचे वहीचे गुण जातील, म्हणून ती मैत्रिणीचं आहे म्हणून थांबायची. म्हणजे ती खरंच सांगत होती, अर्धं. मीच ते खोटं ठरवून टाकलं होतं.

मग मी विचारलं, न केलेल्या चोऱ्या लिहिल्यास कशाला गं? ती म्हणाली, "तू अजून अजून म्हणत होतीस आणि रडत होतीस. मी एक लिहिलं की थोडा वेळ थांबायचीस. मला वाटलं, चार झाल्या की पुरे होईल."

बाबू, अजूनही तिच्या तोंडाकडे बघता येत नाही मला.

कोर्टाच्या तळमजल्यावर फुकट सल्ला देणाऱ्या एक वकीलबाई बसतात. काल त्यांच्यापुढे सगळं मांडलं. त्या म्हणाल्या, मुलीनं शब्द फिरवला आणि आईनं दुजोरा दिला, याला मंडळात फार किंमत नाही, सगळ्याच आया तसं म्हणतात. पण अशा याद्या कशा लिहून घेतात, हे त्याच धंद्यातल्या माणसानं स्वतःच्या नावानं, स्वतःच्या दुकानाच्या नावानं लिहून दिलं, आणि सोडून देतील म्हणून लिहा हा सल्ला मीच दिला असं कबूल केलं, तर बाकीच्या तीन ओळी गळतील. तीन गळल्या तर शाळेला काढून टाकायला कारण उरणार नाही.

म्हणजे तुला लिहायला लागेल. ते तुझ्या मालकांच्या कानावर जाणार हेही त्यांनी सांगितलं. तुझा मुलगा अजून शिकतोय, मला सगळं कळतं. तरी विचारतेय.

ताई


२५ जानेवारी

बाबू,

आठ दिवस झाले, तुझं काही नाही. दुकानात पोस्टमन आला की शेजारची बाईसुद्धा आता आधी माझ्याकडे बघते.

नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. मी तुला त्याबद्दल आयुष्यात बोल लावणार नाही. फक्त वकीलबाईंना कळवायचं आहे, आणि शाळेला दाखल्याचं सांगायचं आहे. बारकीनं काल पहिल्यांदा गणवेश घातला नाही. मला काज करायला शिकवशील का, असं तिनंच विचारलं. तिला जमलंही लगेच. त्याचंच वाईट वाटलं.

ताई


२५ जानेवारी

ताई,

जबाब सोबत आहे, तीन पानं, प्रत्येक पानावर सही. पोस्टावर भरवसा नको म्हणून आमच्या माल वाहणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, तो सत्तावीसला तुझ्या दुकानात आणून देईल.

उशीर का झाला ते सांगतो. भीती होतीच, ती नाकारत नाही. मुलाच्या कॉलेजचं डोळ्यांसमोर होतं. पण नुसती भीती नव्हती. मी पाच वेळा लिहिलं आणि पाचही वेळा वाचताना लक्षात आलं की त्यात मी फार चांगला माणूस दिसतोय. कधी आवाज न चढवणारा, पाणी विचारणारा. सगळं खरं, तरी फसवं. सहाव्या वेळी फक्त काय करतो तेवढं लिहिलं. कागद सरकवतो, "अजून?" म्हणतो, गप्प बसतो, सोडून देतील असं वाटू देतो, लिहिलेलं कधीच तपासत नाही.

मला एक नर्सबाई आठवतात. सात-आठ वर्षं झाली असतील. पिशवीत एक टॉवेल सापडला होता. त्यांनी माझ्यासमोर अकरा वस्तू लिहिल्या. अकरा. मी घरी जाऊन जेवताना ते कौतुकानं सांगितलं होतं. आता वाटतं, त्या माझ्या तोंडाकडे बघून लिहीत होत्या. मान हलली नाही की पुढची ओळ. त्यांच्या नोकरीचं काय झालं असेल, ते विचारायला मी पुन्हा पाचव्या मजल्यावर गेलो. कपाटाला आता कुलूप आहे आणि किल्ली कुठे ते बाई सांगत नाहीत.

माझ्या नोकरीची काळजी तू करू नकोस. बघून घेईन.

बाबू


३१ जानेवारी

मामा,

आई म्हणाली तूच लिही, माझा हात चालत नाही. म्हणून मी लिहितेय.

मंडळ म्हणजे मला वाटलं होतं उंचावर कुणी बसलेलं असेल. तसं काही नव्हतं. साधं टेबल, तीन माणसं, एकाला सर्दी झाली होती. मधल्या बाईंनी तुझा जबाब मोठ्यानं वाचला. त्यात "अजून?" हा शब्द आला तेव्हा आईनं मान खाली घातली. मग त्यांनी मॅनेजरला विचारलं की त्या तारखांना तुमच्या दुकानातून या वस्तू कमी झाल्या होत्या का, बघितलंत का? तो म्हणाला बघण्याची गरज वाटली नाही, मुलीनं लिहूनच दिलं होतं. त्यांनी दुपारपर्यंत वेळ दिला. दुपारी त्यानं येऊन सांगितलं की लिपस्टिक सोडून काहीच कमी नव्हतं.

तीन ओळी खोडल्या. लिपस्टिक राहिली. ती मी घेतलीच होती, हे मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. सहा महिने एक शनिवार सोडून एक शनिवार देखरेख करणाऱ्या बाईंना भेटायचं. नीट वागले तर कागद बंद करून टाकतील.

शाळेत मोठ्या बाईंनी त्या वस्तू मग आल्या कुठून असं विचारलं. आकृत्यांचं सांगावं लागलं. नावं मी दिली नाहीत. माझे एकटीचे वहीचे गुण कापले, शून्य. सहा जणींपैकी एकही उठून मी पण होते असं म्हणाली नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. म्हणजे आहे. परीक्षेला बसू देणार आहेत, पण तोपर्यंत वर्गात नाही, वाचनालयात एकटीनं बसायचं. शिपाईकाका दर तासाला येऊन बघून जातात की पुस्तकं जागेवर आहेत ना.

तुझ्यावर पण राग आहे. आई म्हणाली हे लिहू नकोस, म्हणून लिहिलं. जबाब दिलास त्याबद्दल आभार, ते पण खरं आहे. दोन्ही एकदम कसं असतं मला माहीत नाही.

आणि रंग मला शोभला असता. तू विचारलं होतंस असं आईनं आत्ता सांगितलं.

बारकी


१४ फेब्रुवारी

बारके,

रागाव. तुझा हक्क आहे तो, आणि मी तो जाईपर्यंत थांबणार आहे. घाई करू नकोस.

मला खोलीतून काढलं. आता मागच्या गेटवर आहे, आलेल्या मालाची खोकी मोजतो. पगार कमी झालाय, मामी चार दिवस बोलत नव्हती, आता बोलते. जागा उघड्यावर आहे, ऊन लागतं. अठरा वर्षांनी दिवसा ऊन लागतंय. माझ्या खोलीत एक नवा माणूस आलाय, माझ्याहून मृदू बोलतो. मी त्याला कपाटाचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, नोकरी नवी आहे हो.

एक विनंती. शनिवारी त्या बाई काही विचारतील, शाळेत कुणी विचारेल, आईही विचारेल. जेवढं आहे तेवढंच सांग. समोरच्याचं तोंड उतरलं तरी त्यात भर घालू नकोस. हे तुला मी सांगावं याची लाज वाटते, पण मला ठाऊक आहे म्हणून सांगतो.

मामा


८ मार्च

बाबू,

परीक्षा सुरू झाली. पहिल्या दिवशी तिला केंद्राच्या फाटकापर्यंत सोडलं. त्या सहा जणी घोळक्यात उभ्या होत्या. एकीनं हात केला. बारकीनं पाहिलं आणि सरळ आत गेली.

घरी कसं चाललंय विचारतोस. भांडण नाही, आदळआपट नाही. भांडण असतं तर बरं वाटलं असतं. आमच्या दोघींत त्या रविवारपासून काहीतरी बिघडलंय ते मंडळाच्या कागदानं दुरुस्त झालेलं नाही. मी काही विचारलं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघते. जेवलीस का, एवढं जरी विचारलं तरी. मला काय ऐकायचंय ते माझ्या चेहऱ्यावर शोधते आणि तेच उत्तर देते. तेव्हापासून मी जे जे विचारलं त्यातलं तिनं खरं किती सांगितलं, मला सांगता येणार नाही. एकदा तर सरळ म्हणाली, "तुला काय हवंय ते सांग ना, मी तेच सांगते." चिडून नाही. खरंच मदत करावी तशी. मी न्हाणीघरात जाऊन रडले, तिला दिसणार नाही अशी. आता रडायचीही चोरी झालीय मला.

वर्ष वाचलं, हे मी रोज स्वतःला सांगते. डिसेंबरात तेवढंच मागितलं होतं मी. बाकी काय व्हायचं ते होवो, असं लिहिलं होतं तुला.

काल गणिताचा पेपर होता. मी ठरवलं होतं, काही विचारायचं नाही. ती आली, हातपाय धुतले, माझ्या समोर भिंतीला टेकून बसली. मी एका पँटीची चेन बसवत होते. तिच्याकडे पाहिलं नाही. तोंडावर काही येऊ दिलं नाही, किती जड जातं ते तुला सांगू नये. अर्धा तास गेला असेल. चेन बसवून झाली तरी मी उगीच टाके घालत राहिले.

मग ती म्हणाली, "मी दुसरा प्रश्न अख्खा सोडला. येत नव्हता."

न विचारता, बाबू. आणि वाईट बातमी. मला आवडणार नाही असं, जसं होतं तसं.

मी मान वर केली नाही. नुसतं हं म्हटलं आणि दोरा तोडला. ती तिथेच बसून राहिली.

ताई